पत्र वाचता येईना म्हणून रडले, पुढं हजारो गाणी लिहून गेले : लोककवी वामनदादा कर्डक

उंद्री (ता. चिखली) : १४ एप्रिल जवळ आला की गावोगावच्या बुद्धविहारापुढं संध्याकाळी पेटी-ढोलकी निघते. उंद्री असो, अमडापूर असो की पार मेहकर-लोणारकडची वस्ती असो, भीमगीतांची बैठक बसली की वामनदादा कर्डकांचं गाणं झाल्याशिवाय ती उठत नाही. म्हातारी माणसं तोंडपाठ म्हणतात, पोरं मोबाईलवर लावतात. पण हे गाणं लिहिणारा माणूस कोण होता, कुठला होता, काय खाऊन-पिऊन जगला, हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात.

वामनदादांना जाऊन आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. १५ ऑगस्ट १९२२ ही त्यांची जन्मतारीख आणि १५ मे २००४ हा स्मृतिदिन. या दोन तारखांच्या मध्ये एका अशा माणसाचं आयुष्य आहे, ज्याला तरुणपणी साधं पत्र वाचता येत नव्हतं आणि ज्याच्या गाण्यांवर पुढं शिकलेल्या लोकांनी पुस्तकं लिहिली.

देशवंडीचा गुराखी

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी नावाचं गाव आहे. कोरडवाहू, डोंगराच्या कडेचं. तिथं तबाजी आणि सईबाई कर्डक यांच्या घरी वामनचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. त्यात जात अशी की शाळा, पाणवठा, देऊळ, सगळीकडं दूर उभं राहायचं. शाळेत नाव घालून शिकणं वामनच्या वाट्याला आलंच नाही.

मग दिवस जायचा गुरांमागं. डोंगरातून लाकूडफाटा आणायचा, विकायचा, मिळेल ते काम करायचं. पण कान मात्र उघडे होते. पहाटे जात्यावर बायका ओव्या गायच्या, जत्रेत तमाशा यायचा, रात्री वस्तीत भजन व्हायचं. लेझीम खेळण्यात वामन पटाईत होता. लेझीम खेळणाऱ्याच्या पायात ताल असावाच लागतो. एक पाऊल चुकलं की सगळी रांग चुकते. अक्षर शिकायच्या आधी हा माणूस ताल शिकला होता, आणि पुढं आयुष्यभर हीच शिदोरी कामी आली.

चाळीतलं ते पत्र

गावात पोट भरेना म्हणून अनेकांसारखी कर्डकांचीही वाट मुंबईकडं गेली. वामन शिवडीच्या बीडीडी चाळीत राहू लागला. या चाळी इंग्रज सरकारनं १९२० च्या दशकात बांधलेल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्याकडच्या एखाद्या गोठ्याएवढी जागा, आणि त्यात अख्खं कुटुंब, शिवाय गावाहून आलेले दोन-चार पाहुणे.

वामननं मिळेल ते काम केलं. गिरणीत राबला, कोळशाच्या वखारीत घाम गाळला, चिक्की विकली. त्याच काळात तो समता सैनिक दलात जाऊ लागला. बाबासाहेबांचं नाव चाळीत घराघरात होतं. सभेला जायचं, घोषणा द्यायच्या, लेझीम खेळायची. सगळं जमत होतं, एक सोडून. वाचता येत नव्हतं.

एके दिवशी चाळीतल्या एका माणसानं त्याच्या हातात पत्र दिलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. ज्यांनी जुना काळ पाहिलाय त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. आपल्याकडंही पत्र आलं की मास्तरकडं नाहीतर पोस्टमनकडं जावं लागायचं. गावाहून आलेल्या पत्रात कुणी मेल्याची बातमी आहे की लग्नाची, हेही दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. वामनला ते पत्र वाचता आलं नाही. अंगानं धट्टाकट्टा असलेला तरुण गडी, पण त्या कागदापुढं त्याला रडू कोसळलं.

या रडण्यातूनच पुढची वाट निघाली. देहलवी नावाच्या गुरुजींकडं जाऊन त्यानं मुळाक्षरं गिरवली. बाराखडी आली, पण जोडाक्षरं अडायची. मग मुंबईचे रस्तेच शाळा झाले. दुकानांवरच्या पाट्या, भिंतींवरचे फलक, सिनेमाच्या जाहिराती वाचत वाचत तो चालायचा. एखादं अक्षर अडलं की विचारायचं, पुन्हा वाचायचं. अशी ही शाळा. तिला ना हजेरीपट होता, ना परीक्षा.

पहिलं गाणं, आणि तेही थट्टेचं

३ मे १९४३. वामनदादांनी स्वतः जपून ठेवलेली ही तारीख. या दिवशी त्यांनी पहिलं गाणं रचलं. ते काही क्रांतीचं गाणं नव्हतं, की दुःखाची कविता नव्हती. त्या काळात गाजत असलेल्या एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं ते विडंबन होतं. चाल तीच, शब्द दुसरे. भाषाही हिंदीच. ऐकणारे हसले, आणि त्या हसण्यातून वामनला कळलं की आपल्याला हे जमतं.

ही गोष्ट लहान वाटते, पण इथंच त्यांच्या पुढच्या साठ वर्षांचं गुपित आहे. ओळखीच्या चालीत एक मोठी सोय असते. ऐकणाऱ्याला चाल नव्यानं शिकावी लागत नाही, ती आधीच कानात असते. त्याचं सगळं लक्ष नव्या शब्दांवर जातं. त्यात शब्द गमतीचे असले तर एकदा ऐकून पाठ होतात. दुसऱ्या दिवशी तेच गाणं नळावर, गिरणीच्या फाटकावर, बाजारात कुणीतरी गुणगुणत असतं. ज्या समाजात दहातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तिथं गाणं हेच वर्तमानपत्र होतं आणि तेच पुस्तकही. वामनदादांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. कालपर्यंत तेही त्याच न वाचता येणाऱ्यांच्या रांगेत उभे होते.

हसवायची ही रीत आली कुठून?

तमाशाचा बाज आपल्याकडच्या जत्रा-यात्रांना नवा नाही. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. बतावणीत सोंगाड्या येतो, उलटसुलट बोलतो, पाटलाची, सावकाराची फजिती करतो, आणि माणसं पोट धरून हसतात. महात्मा फुल्यांच्या विचाराच्या लोकांनी हाच बाज घेऊन सत्यशोधक जलसे उभे केले. देवाधर्माच्या नावानं लुबाडणारा भट, खोटे आकडे लिहिणारा सावकार, हे त्यात सोंग म्हणून यायचे. लोक हसायचे आणि हसता हसता विचारात पडायचे.

पुढं १९३० च्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा गाजवला. या जलशानं जुनी गण-गवळण बाजूला ठेवली. त्या जागी अस्पृश्यता, शिक्षण, पाणी, दारू हे विषय आणले. सवाल-जवाब मात्र तसेच ठेवले, कारण खरी गंमत त्यातच होती. बाबासाहेबांच्या सभेला हजारो माणसं आधीच येऊन बसलेली असायची. नेता येईपर्यंत त्यांना धरून ठेवायचं काम गाणाऱ्यांचं. माणसं कंटाळली, उठून गेली, तर सभा फसली.

वामनदादा याच परंपरेत घडले. जात्यावरची ओवी त्यांनी आईकडून घेतली, ठेका लेझीम आणि ढोलकीकडून, चाली सिनेमा आणि कव्वालीकडून, आणि विचार बाबासाहेबांकडून. त्यांच्या गाण्यात कधी लावणीचा ठसका येतो, तर कधी गझलेची मांडणी. शिकलेल्या माणसाला हे वेगवेगळे प्रकार वाटतात. वामनदादांना ते एकाच शेतातले वेगवेगळे तास वाटत असावेत, इतक्या सहज ते एकातून दुसऱ्यात जात.

आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी हेच काम कीर्तनातून केलं. भोळा प्रश्न विचारायचा, लोकांना हसवायचं, आणि हसणाऱ्यालाच कोड्यात टाकायचं. तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी होती. वामनदादांच्या हातात नुसता शब्द आणि खडा आवाज. तिघांचाही रस्ता एकच होता : लोकांच्या बोलीत बोलायचं, त्यांना झोप येऊ द्यायची नाही.

हसू कुणावर?

वामनदादांची थट्टा दोन प्रकारची. एक नुसती गमतीची. घरी आलेला पाहुणा, नात्यातला मेव्हणा आणि त्याची चोरटी नजर यावरचं त्यांचं गाणं लग्नाच्या मांडवात, वरातीत अजून वाजतं. त्यावर नाचणाऱ्या अनेकांना ठाऊकही नसतं, की हे गाणं आणि जयंतीला डोळ्यांत पाणी आणणारं गाणं एकाच माणसाच्या हातचं आहे.

दुसरी थट्टा मात्र बोचरी. देशातल्या मोठमोठ्या कारखानदारांची नावं एका पाठोपाठ एक घेऊन त्यांनी एक गाणं रचलं. त्यात ते अगदी भोळेपणानं चौकशी करतात, जणू एखादा शेतमजूर पत्ता विचारत दारात आलाय : आमचा वाटा कुठं ठेवलाय तेवढं सांगा. नावांचा ठेका असा जमलाय की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. दुसऱ्यांदा ऐकताना प्रश्न कळतो. तिसऱ्यांदा ऐकताना हसू येत नाही.

पण सगळ्यात मोठी हिंमत दिसते ती आपल्याच माणसांना टोचण्यात. बाबासाहेबांच्या मागं त्यांचं नाव घेणारे वाढले, पुढारी वाढले, गट पडले. तेव्हा वामनदादांनी एक गझल लिहिली. बाबासाहेब, तुमच्या विचाराची अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं जरी खरी निघाली असती, तरी आज चित्र वेगळं दिसलं असतं, असा तिचा भाव. ज्यांच्या व्यासपीठावर उभं राहायचं त्यांच्याच तोंडावर हे म्हणायचं, हे सोपं नव्हतं. कार्यक्रमाचं बोलावणं बंद होऊ शकत होतं. पण लोकांना माहीत होतं की हा माणूस ना कुणाच्या पगारावर आहे, ना तिकिटाच्या आशेवर. म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. आजही जयंतीच्या दिवशी हे गाणं लागलं की स्टेजवरचे लोकही मान डोलावतात. टोचलं कुणाला, ते ज्याचं त्याला ठाऊक.

घरात मात्र हसू नव्हतं

लोकांना हसवणाऱ्या या माणसाच्या घरात सुख फार काळ टिकलं नाही. तरुणपणी अनसूया यांच्याशी लग्न झालं, मीरा नावाची मुलगी झाली. गरिबीत संसार ओढला गेला नाही, तो मोडला. मीराही लहानपणीच आजारानं गेली. पोटचं लेकरू गेल्यावर माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर बोलतच सुटतो. वामनदादा गात राहिले. पुढं शांताबाईंशी त्यांचं लग्न झालं. स्वतःचं मूल झालं नाही, म्हणून त्यांनी मुलगा दत्तक घेतला.

त्यांच्या गाण्यांत आई फार येते, लेक येते, सासरी गेलेली बहीण येते, उपाशी झोपणारं पोर येतं. ती पुस्तकातून आलेली नाहीत. घरात जे सोसलं ते त्यांनी गाण्यात सगळ्यांचं करून टाकलं. स्वतःचं दुःख सांगत बसले नाहीत.

ना मालक, ना कंपनी

आजच्या भाषेत वामनदादा स्वतंत्र कलाकार होते. गाणं स्वतः लिहायचे, चाल स्वतः बांधायचे, गायचेही स्वतः. पाठीशी ना नाटक कंपनी होती, ना तमाशाचा फड, ना कुठला पक्ष. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, नाशिक, मुंबई असा त्यांचा फिरता संसार. मिळाली तर एसटी, नाहीतर पायी. ज्या वस्तीत कार्यक्रम असेल तिथंच मुक्काम. जी भाकर वाढली जाईल ती खायची, जे हातावर ठेवलं जाईल ते घ्यायचं. कधी तेही मिळायचं नाही.

मुक्कामाच्या घरीच नवी गाणी जन्मायची. कुणी गायक नवं गाणं मागायला आला तर लिहून देऊन टाकायचे. कव्वालीच्या मुकाबल्यांचा काळ होता. एका बाजूनं एक पार्टी, दुसऱ्या बाजूनं दुसरी, रात्रभर सवाल-जवाब रंगायचे. अशा कितीतरी पार्ट्यांनी वामनदादांची गाणी गाऊन मैदानं मारली, पुढं कॅसेटही निघाल्या. गाणाऱ्यांची नावं झाली, विकणाऱ्यांचा धंदा झाला. लिहिणारा मात्र पुढच्या गावाच्या वाटेला लागलेला असायचा. त्यांनी एकूण दहा हजारांच्या आसपास गाणी रचली असं सांगितलं जातं. त्यातली कितीतरी कुणाच्या वहीत, कुणाच्या तोंडात राहिली आणि त्या माणसांबरोबरच गेली.

पहिलं गाणं १९४३ चं, आणि पहिला संग्रह 'वाटचाल' आला १९७३ मध्ये. मध्ये तब्बल ३० वर्षं गेली. पुढं १९७७ मध्ये 'हे गीत वामनाचे' निघालं. आपली जीवनकहाणीही त्यांनी 'माझ्या जीवनाचं गाणं' या नावानं सांगितली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ चालली तेव्हाही त्यांचं गाणं रस्त्यावर होतं. १९७८ ते १९९४ अशी १६ वर्षं ती लढाई चालली. त्यात पोरांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला, जीवही गेले. अशा वेळी मोर्चात चालणाऱ्याला दम लागतो, तो टिकवायला गाणं लागतं.

पाट्या वाचून शिकलेला संमेलनाध्यक्ष

१९९३ मध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षपदी बसवलं ते वामनदादा कर्डकांना. समोर प्राध्यापक, डॉक्टरेट घेतलेले लेखक, कवी. आणि खुर्चीत तो माणूस, जो दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरं शिकला होता.

कुणाला वाटेल, हा नशिबाचा खेळ. पण यात नशीब थोडं आणि मेहनत जास्त. त्या दिवशी समोर बसलेल्या कितीतरी शिकलेल्या माणसांच्या आई-बापांनी बाबासाहेबांचा विचार पहिल्यांदा ऐकला तो गाण्यातूनच. पोरांना शाळेत घाला, दारू सोडा, मेलेलं जनावर ओढू नका, ताठ उभे राहा. भाषणात ऐकलेलं विसरलं असेल, पण चालीत बसलेलं विसरलं नाही. त्या गाण्यांनी पोरं शाळेत पाठवली आणि त्या पोरांनी पुढं दादांना अध्यक्ष केलं. हिशोब असा पूर्ण झाला.

१५ मे २००४ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी वामनदादा गेले. मागं इस्टेट म्हणावी असं काही नव्हतं. होती ती गाणी, आणि तीही आधीच लोकांना देऊन झालेली.

शेवटचं कडवं ऐकलंय का?

तुकोबा अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालतात. जुने शाहीरही घालत. वामनदादांनीही ती रीत पाळली. त्यांच्या बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. ज्याला कायद्यातला हक्क ठाऊक नव्हता, ज्याची वही कुणीही उचलून नेऊ शकत होतं, त्या माणसाची ती सही होती. कागद हरवला तरी गाण्यातून नाव काढता येऊ नये, अशी ती सोय.

आता काळ मोबाईलचा आहे. तीस सेकंदांच्या रीलमध्ये फक्त धृपद येतं. डीजेवर एक कडवं वाजतं आणि लगेच दुसरं गाणं सुरू होतं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला दोन ओळी ठेवल्या जातात आणि खाली नाव लागतं भलत्याच कुणाचं, किंवा लागतच नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी पोचतच नाही, आणि सही तर तिथंच आहे.

येत्या १५ मे रोजी, किंवा त्याआधी कधीही, एवढं करता येईल. वामनदादांचं एखादं गाणं मोबाईलवर पूर्ण ऐकावं, शेवटपर्यंत. ते पुढं पाठवायचं असेल तर खाली त्यांचं नाव लिहावं. गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्यांची न छापलेली गाणी पाठ असतील, तर ती म्हणायला लावून त्याच फोनवर रेकॉर्ड करून ठेवावीत. विहारात किंवा शाळेत ती पोरांना ऐकवावीत.

एक काळ असा होता की पत्र वाचता येईना म्हणून एक तरुण चाळीत रडला. आज उंद्रीच्या शाळेतलं तिसरी-चौथीतलं पोरगंही त्यांचं नाव सहज वाचू शकतं. 'वामन' या शब्दात तर जोडाक्षरही नाही.